कळशीचं पोट कोरायचं हत्यार

(प्रभागसंघाच्या बैठकीत सावंतवाडी तालुक्यातल्या एका गटाच्या ताईंनी केलेलं बोलणं. त्या जसं बोलल्या तसंच, थोडं नीटनेटकं करून छापत आहोत.)



मला भाषण येत नाही. अध्यक्षताई म्हणाल्या, तू हत्यारं केलीस ना, त्याचंच सांग. म्हणून हत्यारं घेऊनच आले आहे. ही दोन आणि हे तिसरं मोडलेलं. मोडलेलं मुद्दाम आणलंय, त्याच्याकडे नंतर येते.

आमच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्हाला ठाऊक आहेत. चितार आळीत गेलात की लाकडी आंबे, केळी, वांगी, भातुकली, सगळं टांगलेलं दिसतं. आमचा गट गेली काही वर्षं त्याच धंद्यात आहे. पण आमच्याकडे काम कसं वाटलेलं होतं? लेथवर लाकूड कातायचं पुरुषाने, आणि घासायचं, रंगवायचं, पुसायचं बायांनी. गटातून कर्ज काढून आम्ही छोटी लेथ घेतली. मी आणि आणखी दोघी लाटणी, भोवरे, मुठी कातायला शिकलो. बाहेरून कातणं जमलं. आतून कोरणं मात्र आम्ही बाहेर द्यायचो.

छोटी लाकडी कळशी असते बघा, संक्रांतीच्या वाणाला देतात ती. उंची तीन-साडेतीन इंच, पोट तीन इंच आणि तोंड जेमतेम सव्वा इंच. तोंडातून सरळ हत्यार आत घातलं तर सरळ भोकच पडतं, नळकांड्यासारखं. खांद्याखालचं लाकूड तसंच राहतं. कळशी हातात घेतली की जड लागते आणि गिऱ्हाईक लगेच ओळखतं, ही नुसती भोक पाडलेली आहे. खांद्याखाली पोहोचायचं तर हत्याराला टोकाशी वाक हवा. असं हत्यार आमच्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्या कातारीदादांकडे आम्ही कळश्या न्यायचो. नगामागे पंचवीस रुपये. माणूस चांगला, हात सोन्यासारखा. पण एका वर्षी त्यांच्याकडेच मोठं काम आलं. आमच्या दीडशे कळश्या त्यांच्या पडवीत गोणीत पडून राहिल्या. रोज एकीने जाऊन विचारायचं, "दादा, झाल्या काय?" आणि ते म्हणायचे, "उद्या बघतो." संक्रांत आली. निम्म्या हातात आल्या. उरलेल्या आल्या तेव्हा रथसप्तमी होऊन गेली होती. रथसप्तमीनंतर वाण कोण घेतं हो? सत्तरएक कळश्या पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर राहिल्या, आणि लेथचा हप्ता दर महिन्याला येतच होता. दोन महिने आम्ही हप्ता बचतीतून भरला. ज्यांचं लेथशी काही देणंघेणं नव्हतं अशा बायांची बचत होती ती. बैठकीत एकजण बोलली, "तुमच्या खेळण्यांपायी माझ्या मुलीची फी राहिली." तिचं खरं होतं. मी खाली मान घालून बसले.

त्या रात्री ठरवलं की कोरायचं हत्यार आपल्याकडेच पाहिजे. चौकशी केली. तयार मिळतात, परदेशी बनावटीची सुद्धा मिळतात, पण किंमत हजारांत. कातारीदादांना विचारलं, तुमचं द्या दोन दिवस. ते हसले आणि म्हणाले, "गो बाय, हत्यार आपल्या हाताचा होया." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबरच बोलले. त्यांचं हत्यार त्यांच्या उंचीला, त्यांच्या हाताला घासून घासून झालेलं. माझ्या हातात ते नीट चाललं नसतं.

आता हे मोडलेलं. हे माझं पहिलं हत्यार. घरात जुनी कानस होती. कानस म्हणजे कडक पोलाद, लोखंड खाते, मग लाकूड का नाही खाणार? ग्राइंडरवर घासून तिचं टोक आकड्यासारखं केलं. मूठ लावली. पहिली कळशी लावली, आत घातलं, दोन मिनिटं छान भुसा आला. मग टोक खांद्याखाली अडकलं, हिसका बसला आणि टक्कन आवाज झाला. आकड्याचा तुकडा उडून माझ्या गालावर. इथे, डोळ्याच्या खाली एक बोट. तीन टाके पडले. चष्मा होता हो घरात, तो खिळ्याला टांगलेला होता! घरी सासूबाई म्हणाल्या, लेथ विकून टाका. नवरा काही बोलला नाही, पण त्याने लेथची वायर काढून कपाटात ठेवली.

टाके निघाले तेव्हा मोडका तुकडा घेऊन मी लोहाराकडे गेले. त्याने तुकडा हातात घेतला, फुटलेला भाग बघितला आणि सांगितलं की कानस काचेसारखी असते. तिला पूर्ण कडक पाणी दिलेलं असतं, म्हणून ती घासते, पण वाकत नाही. वाकायची वेळ आली की तुटते. तिचं हत्यार करायचं तर आधी लाल तापवून राखेत सावकाश गार करायची, म्हणजे ती मऊ होते. मग आकार द्यायचा. मग पुन्हा लाल करायची, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, आणि तेलात बुडवायची. एवढ्यावर थांबलं तर पुन्हा काचच. म्हणून वरचा काळेपणा घासून पांढरं करायचं आणि टोकाच्या मागून हळूहळू ऊब द्यायची. पोलादावर रंग चढत येतो. आधी वाळल्या पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. टोकाशी पेंढ्याचा रंग आला की झटकन बुडवायचं. तूप कढवताना जसं, क्षणभर दुर्लक्ष झालं की रंग पुढे जातो, तसंच. निळ्यापर्यंत गेलं की पोलाद मऊ पडलं, धार टिकणार नाही.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, पण माझं मत विचाराल तर आत कोरायला कानस घेऊच नका. बाहेरून कातायला पुष्कळजण वापरतात. पण आत टोक दिसत नाही, हिसका कधी बसेल कळत नाही. तिथे काच नको.

मग काय घ्यायचं? ही बघा, एलन की. सायकलवाल्याकडे, फर्निचर जोडणाऱ्याकडे असते ती सहा बाजूंची चावी. हिचं पोलाद कडक असतं पण चिवट असतं, कारण पिळ सोसायलाच ती केलेली असते. आणि गंमत बघा, वाकवायची गरजच नाही. ती वाकलेलीच येते. लांब दांड्याची, ८ मिमीची घ्या, सात-आठ इंचांची. आखूड घेतलीत तर मुठीत गेल्यावर बाहेर काही उरत नाही. दुकानातच तिच्यावर कानस फिरवून बघा. कानस कुरकुरत, घसरत लागली पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी खायला लागली तर ती चावी परत ठेवा. स्वस्तातल्या चाव्या तशा असतात.

आता तिची छोटी बाजू कापायची. हॅक्सॉने कापत बसू नका, पातं जाईल. कटरच्या चाकाने कापा, दीडएक सेंटिमीटर ठेवून. एवढाच आकडा पुरतो. नवीन माणसाला वाटतं, आकडा लांब केला तर लांब पोहोचेल. पोहोचेल, पण तेवढाच तो हातात पिळेल. टोक दांड्याच्या रेषेपासून जितकं बाजूला जाईल तितकं लाकूड त्याला धरून दांडा फिरवायला बघतं. पानं लावून नट फिरवतो ना आपण, तसंच. फरक एवढाच की इथे पानं लाकडाच्या हातात असतं आणि नट म्हणजे आपलं मनगट. म्हणून आकडा छोटा.

मग घासणं. दांडा आपल्याकडे, आकडा डावीकडे, असं धरलं की आकड्याची जी बाजू वर येते ती सपाट करा. टोक अंगठ्याच्या नखासारखं गोल करा. रुंदी तीन-चार मिमी, जास्त नाही. रुंद टोक एकदम जास्त लाकूड धरतं. आणि धारेच्या खालची बाजू आत उतरती घासा. ती उतरती नसेल तर धार लाकडाला लागायच्या आधी खालची टाच लागते, नुसतं घासत राहतं, धूर निघतो आणि आपण जोर लावतो. जोर लावला की संपलं.

घासताना शेजारी पाण्याची वाटी ठेवा. तीन-चार सेकंद चाकाला लावायचं, पाण्यात बुडवायचं. बोटाला चटका बसायच्या आत बुडवायचं. टोक निळं झालं तर तेवढा भाग मऊ पडला, तो घासून टाकून पुन्हा सुरुवात. माझी पहिली एलन की अशी तीनदा निळी झाली. घाई, दुसरं काय.

मूठ स्वतः काता. आपण कातणाऱ्या बाया, मूठ विकत का घ्यायची? पेरूची किंवा बाभळीची वाळलेली फांदी चांगली. कोरायच्या हत्याराला मूठ लांब लागते. दोन-अडीच इंच आत जायचं असेल तर मूठ फूटभर तरी. शेवट काखेखाली, कोपराशी दाबून धरता आला पाहिजे. तोंडाशी पाइपचा तुकडा ठोकून बसवा, मुसळाला असते तशी धातूची कडी, म्हणजे मूठ चिरत नाही. भोक साडेआठ मिमीचं पाडा, थोडं अराल्डाइट घाला आणि चावी ठोकून बसवा. तिचे सहा कोन लाकडात रुततात, फिरत नाहीत. बसवताना एवढं बघा की धारेची सपाट बाजू वर असेल तेव्हा मुठीवर वर एक खूण असेल. आत टोक दिसत नाही, तेव्हा खुणेकडे बघून कळतं.

खर्च सांगते, माझ्या वहीत आहे. चावी एकशे चाळीस, अराल्डाइटमधलं थोडं, पाइप भंगारातून, फांदी परसातली. कातारीदादांना आम्ही सहा कळश्यांचे देत होतो तेवढ्यात हत्यार झालं.

हे दुसरं सरळ आहे. बुडासाठी. १२ मिमीची साधी सळी, तिच्या टोकाला लेथवरच ६ मिमीचं भोक आणि त्यात गोल एचएसएस टूल बिटचा तुकडा, फेविक्विकने चिकटवलेला. बाहेर एक सेंटिमीटरच काढला आहे. एचएसएसची धार एलन कीपेक्षा पुष्कळ टिकते आणि घासताना तापलं तरी बिघडत नाही. उलट लालभडक तापलेलं पाण्यात बुडवू नका, तडा जातो. तुकडा झिजला की टोकाला थोडी आच द्या, फेविक्विक सुटतं, नवीन बसवा. गिरणीतल्या टाकीच्या दगडासारखं आहे, झिजणारा भाग बदलायचा, बाकी तसंच. ज्यांच्याकडे फक्त भंगाराची सळी आहे त्यांना हे बरं पडेल.

आता वापरायचं कसं. खोबरं खवताना खवणी जागेवर असते आणि वाटी आपण फिरवतो. इथे लाकूड फिरतं, हत्यार जागेवर. खवताना तुम्ही वाटी खवणीवर दाबून धरत नाही, नाहीतर करवंटी खवली जाते. तोच हात इथे हवा.

आधी मधोमध ड्रिलने भोक पाडून घ्या, बूड राखून. ड्रिलला चिकटपट्टी लावा, म्हणजे किती खोल गेलं ते कळतं. मग मधून बाहेर आणि वरून खाली, असं थोडं थोडं. खांद्याखालचा भाग आधी, बूड शेवटी. लेथचा पट्टा कमी वेगाच्या पुलीवर. हत्यार टेकवायची जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर नेहमी सरळ दांडा टेकलेला हवा. वाकलेला भाग त्या पट्टीवर आला की हत्यार हातात उलटतं. म्हणून आधी टोक आत घालायचं, दांडा टेकवायचा आणि मगच लाकडाला लावायचं. काढताना लेथ बंद.

आणि टोक मध्याच्या केसभर वर ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन कळश्या फुटल्यावर कळलं. समोरची भिंत खाली येत असते. टोक वर असेल आणि धक्का बसून खाली गेलं तर ते भिंतीपासून सुटतं. आधीच खाली असेल तर धक्क्याने आणखी रुततं, आणि मग कळशी फुटते.

तोंड लहान, त्यामुळे भुसा आत कोंबला जातो. दर थोड्या वेळाने लेथ थांबवून कळशी रिकामी करा. भुसा कोंडला की टोक त्यात अडकतं. फिरत्या कळशीत बोट घालू नका. चालू असताना कधीच नाही. जाडी बघायला जी.आय. तार वाकवून हा चिमटा केला आहे. एक टोक आत, एक बाहेर, दोघांत मधे दिसतं ते अंतर मोजायचं. सव्वाशे रुपयांना विकली जाणारी कळशी पाच मिमी जाडीला शोभते. तीन मिमीच्या नादाला लागलेल्या आमच्या दोघींनी पहिल्या आठवड्यात अकरा कळश्या फोडल्या. हळूहळू आवाजावरून कळतं. भिंत पातळ झाली की आवाज बदलतो.

लाकूड शिवण किंवा आंबा घ्या. पांगारा हलका आणि मऊ, खेळण्यांना उत्तम, पण पातळ कोरताना त्याचे धागे उपटून येतात. आम्ही तो कोरायला वापरत नाही.

आता बांगड्यांचं. हे बोलायचं की नाही याचा मी विचार केला होता. लेथवर काचेच्या बांगड्या, मोकळा पदर, लोंबतं मंगळसूत्र चालत नाही. हातमोजेसुद्धा नकोत, मोजा अडकला तर हात ओढला जातो. मी बांगड्या काढून ठेवते, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकते, पदर खोचून वर एप्रन बांधते, वेणीचा अंबाडा. सासूबाईंना आधी पटलं नाही. सवाष्ण बाईने हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय! मग त्या एक दिवस लेथजवळ आल्या, माझ्या गालावरच्या खुणेकडे बघितलं आणि एक छोटी पत्र्याची डबी आणून लेथच्या बाजूला ठेवली. बांगड्या ठेवायला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

वायर नवऱ्याने परत दिली, पण गटाच्या बैठकीत ठराव झाल्यावर. ठराव साधा आहे, वहीत लिहिलेला आहे: चष्मा डोळ्यावर नसेल तर लेथची बटण दाबायची नाही, आणि जी दाबेल तिने पन्नास रुपये दंड भरायचा. पहिला दंड मीच भरला. दुसऱ्याच दिवशी.

त्या सत्तर कळश्यांचं राहिलं. त्या पुढच्या संक्रांतीला गेल्या, आणि त्या वर्षी नव्या एकशे ऐंशी आम्ही तिघींनीच कोरल्या. दोनशेचं बोलणं होतं, वीस कमी पडल्या. बचतीतून घेतलेले दोन हप्ते मार्चमध्ये परत भरले. जिच्या मुलीची फी राहिली होती ती आता आठवड्यातून दोन दिवस घासकामाला येते. लेथला हात लावत नाही. भीती वाटते म्हणते. वाटू दे. माझ्या गालाकडे बघितल्यावर वाटणारच.

पुढच्या महिन्यात बैठक आमच्या गावी आहे. ज्यांना हे हत्यार करायचं आहे त्यांनी ८ मिमीची लांब एलन की आणि मुठीपुरती वाळलेली फांदी आणावी. फांदी ओली नको, ओल्या लाकडात चावी बसवली की वाळताना मूठ चिरते. ग्राइंडर आमच्याकडे आहे. चष्मे चारच आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचा असेल त्यांनी तोही पिशवीत टाकावा.